कोटेशनमध्ये ‘पफ’ लिहिलंय का?

पप्पा जेवण झाल्यावर रील्स बघत बसतात आणि मध्येच मोबाईल तुमच्यासमोर धरतात. ‘हे बघ गं, काय म्हणतोय हा?’ रीलमध्ये क्रेनला लटकलेली एक पांढरीशुभ्र खोली हळूहळू शेतात उतरत असते. मागे ढोल-ताशा. ‘फक्त १५ दिवसांत तुमचं फार्महाउस! ना वीट, ना वाळू, ना गवंड्याची कटकट!’ खाली नंबर.

नारायणगाव असो की मंचर, ओतूर असो की घोडेगाव, कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना हा प्रश्न आज ना उद्या येणारच. घरातलं गुगल तुम्हीच ना! आणि तुम्ही नुसतं ‘बरं दिसतंय की’ म्हणालात, तरी घरातले पाच-सहा लाख त्या तीन शब्दांवर हलू शकतात.

मी म्हणाले होते. म्हणून हे लिहितेय.

२०२३ चा जुलै आठवतोय? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. एरवी रस्त्यावर ओतून द्यावा लागणारा माल त्या महिन्यात लोक रात्री राखत बसले होते. माझ्या मामाची तोड नेमकी तेव्हाच चालू होती. सोसायटीचं कर्ज फेडून त्याच्या हातात पहिल्यांदाच पैसे उरले. आता त्याचं काय करायचं? जुन्नर तालुका राज्य सरकारने २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केलाय, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलंय, आणि शनिवार-रविवारी शिवनेरी, लेण्याद्री, माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा मामा रोज बांधावरून बघतो. शेताच्या कडेला एक खोली टाकायची, पुण्या-मुंबईची माणसं येतील, मामी पिठलं-भाकरी करेल. गणित चुकीचं नव्हतंच.

विक्रेता बाईकवर आला. माझ्याच वयाचा असेल, चोवीस-पंचवीसचा. पाठीला सॅक, हातात टॅब. मामाला ‘काका’, मला ‘ताई’. चहा घेतला, म्हशीची चौकशी केली, मग टॅब उघडला. २० बाय ८ ची केबिन, १६० चौरस फूट. ‘काका, पफ पॅनल आहे. बाहेर ४० डिग्री असलं तरी आत गार. फाउंडेशन लागत नाही, चार ब्लॉक ठेवायचे. परवानगी लागत नाही, टेम्पररी स्ट्रक्चर आहे. उद्या जागा बदलायची झाली, तर उचलायचं आणि न्यायचं.’ मग जरा आवाज खाली घेऊन, ‘फक्त हा रेट आज संध्याकाळपर्यंतच आहे हं. नंतर स्टीलचे भाव वाढतायत.’

मामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘बरं दिसतंय की.’

पाच लाख वीस हजार ठरले. साठ टक्के ॲडव्हान्स. कोटेशनचं एक पान आलं. ते मी वाचलंसुद्धा, पण जसं आपण ॲप इन्स्टॉल करताना ‘आय ॲग्री’ वाचतो तसं.

मग एकेक बाहेर यायला लागलं

पहिला झटका जीएसटीचा. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’ होतं. १८ टक्क्यांनी ५ लाख २० हजारांवर ९३ हजार ६०० रुपये, म्हणजे आकडा गेला ६ लाख १३ हजार ६०० वर. विक्रेता म्हणाला, ‘काका, बिल नको असेल तर बघू काहीतरी.’ इथे मामाचा मोह होत होता. मामी नको म्हणाली. तिचे उपकार.

दुसरा झटका ट्रेलरचा. केबिन आली ती डांबरी रस्त्यापर्यंत. पुढे कालव्याच्या कडेने आमचा कच्चा रस्ता आणि त्यावर एक काटकोनी वळण. ट्रॅक्टर-ट्रॉली आरामात वळते. ट्रेलर नाही वळत. वर महावितरणच्या तारा लोंबलेल्या. शेवटी हायड्रा बोलावला, त्याने केबिन उचलून गोगलगायीच्या चालीने नेली. दोन दिवस गेले, हायड्राचं भाडं मामाच्या खिशातून. कारण कोटेशनमध्ये होतं: ‘साइटपर्यंतचा रस्ता ग्राहकाची जबाबदारी.’ हायड्राबद्दल एक गोष्ट तेव्हा कळली. त्याच्यावर लिहिलेले १२ टन किंवा १४ टन हे तो बूम जवळ असताना उचलतो. बूम जितका लांब, तितकी ताकद कमी. ‘बांधाच्या पलीकडून उचलून ठेवू की’ असं कोणी सहज म्हणालं, तर ते ऑपरेटरला विचारा, सेल्सवाल्याला नको.

तिसरा झटका सगळ्यात वाईट. वायरमनने बोर्डसाठी भिंतीला भोक पाडलं आणि आतून पांढरे मणी भुरभुर खाली पडले. थर्माकोल! पफ असतं तर पिवळसर, बारीक जाळीचा, घट्ट फोम निघाला असता. फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘ताई, कोटेशनमध्ये ‘इन्सुलेटेड पॅनल’ लिहिलंय. थर्माकोलपण इन्सुलेशनच आहे. पफ कुठं लिहिलंय?’

नव्हतंच लिहिलेलं.

थर्माकोल काही विष नाही. दोन-चार महिन्यांच्या साइट ऑफिसला चालतो, स्वस्तही पडतो. पण तेवढ्याच जाडीत तो पफइतकी उष्णता अडवत नाही आणि आग लागली तर लवकर वितळून पेटतो. आगीची धास्ती असेल, स्वयंपाकघर चिकटून असेल, तर रॉकवूलचं पॅनल मागतात. ते जळत नाही, फक्त जड असतं. कुठलं पॅनल हवं हा तुमचा निर्णय. पैसे मात्र ज्याचे दिले तेच मिळायला हवं की नाही? मामाने पैसे दिले पफचे.

पावसाळ्यात दार अडकायला लागलं. आमची जमीन काळी. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या मातीवर ठेवलेले चार ब्लॉक वेगवेगळे खचले, चौकट वाकडी झाली. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि मग ब्लॉक उभे करायचे, हे गावातल्या कुठल्याही गवंड्याने चहाच्या कपावर सांगितलं असतं. पण ‘गवंड्याची कटकट नाही’ हेच तर आम्हाला आवडलं होतं!

पेटीत राहणं

आपल्या भागाला पत्र्याच्या खोलीत राहणं काय असतं ते नवं नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. जे वाचले, ते आमडे इथल्या नव्या गावठाणात जाईपर्यंत पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहिले. नव्या गावाचं लोकार्पण झालं २ एप्रिल २०१७ ला, आणि त्याच वर्षीच्या पावसात तिथला भराव खचल्याच्या बातम्या आल्या. रायगड जिल्ह्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं होतं. संकटात डोक्यावर छप्पर पटकन येणं ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी अशा खोल्यांसारखं दुसरं काही नाही. पण त्या माणसांना कोणी रंग आणि डिझाइन निवडायला सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात मात्र निवडायला वेळ आहे, हे विसरू नका.

माळीणच्या वेळी पावसाइतकीच आणखी एका गोष्टीची चर्चा झाली होती, डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या सपाटीची. आज भीमाशंकर रस्त्याच्या किंवा माळशेजच्या अंगाला ‘व्ह्यू’ असलेली जागा घेतली, की विक्रेता म्हणतो, ‘जेसीबी लावा, एका दिवसात लेव्हल.’ उतार कापून मागे उभी माती आणि पुढे भुसभुशीत भराव, त्यावर तुमची केबिन. हे वाक्य ऐकलं की मी तरी तिथून उठेन. भीमाशंकर अभयारण्याच्या भोवती इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथले नियम आणखी वेगळे.

आपलाच तालुका असला तरी जुन्नरच्या पश्चिमेला माळशेजचा धो धो पाऊस आणि पूर्वेला आणे पठारावर टँकरची वाट. दोन्हीकडे एकच केबिन, एकच कोटेशन कसं चालेल? पश्चिमेला छताला उतार हवा, पत्रा भिंतीच्या पुढे आलेला हवा, सांध्यांना गंजरोधक रंग हवा. सपाट छपराची पेटी रीलमध्ये छान दिसते, श्रावणात नाही.

आणि बाथरूम! ‘बाहेर काढलं तर स्वस्तात पडेल काका,’ असं मामाला सांगितलं होतं. सांगणारा उसाच्या पट्ट्यातला नसावा. रात्री अकरा वाजता पोराला बाहेर न्यायचं म्हणजे आपल्याकडे आधी बॅटरी, मग काठी, मग चौफेर नजर. बिबट्या काय ब्रोशर वाचत नाही.

इसार आणि कागद

नारायणगावला यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या राहुट्या लागतात, तिथे कधी बसलायत का? गावोगावची मंडळी येतात, फडाच्या मॅनेजरसमोर मांडी घालतात. कुठली तारीख, किती रक्कम, इसार किती, राहिलेले कधी. हसतखेळत, चहा पीत, पण ठरलं की कागद होतो. तीन तासांच्या खेळासाठी एवढी खबरदारी घेणारे आपण, वीस वर्षं टिकावी अशी खोली घेताना व्हॉट्सॲपवरच्या थम्स-अपवर थांबतो, याची गंमत वाटते.

कागदात काय हवं? पॅनल कुठलं, किती मिलिमीटर, बाहेरचा पत्रा किती जाडीचा. रक्कम जीएसटीसकट. वाहतूक, क्रेन, पाया, सेप्टिक टँक, अर्थिंग हे कोणाकडे, एकेक नाव घेऊन. लोखंडी पेटीत वीज घेताय, अर्थिंग आणि लिकेज झाल्यावर लगेच बंद करणारा आरसीसीबी स्विच नसेल तर तिथे झोपू नका, बस. तारीख हुकली तर काय, ऑर्डर रद्द केली तर ॲडव्हान्सचं काय. पैसे टप्प्यांनी: थोडा इसार, मोठा हप्ता कारखान्यात जाऊन खोली डोळ्यांनी बघितल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस झाल्यावर. शेवटच्या अटीला विक्रेता नाही म्हणेल. तरी मागा, तो पाच टक्क्यांवर येतो का बघा.

पैसे कंपनीच्या खात्यावर. ‘साहेबांच्या नंबरवर टाका’ म्हटलं की थांबा. जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की फर्मचं नाव, नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, सगळं फुकटात दिसतं. लेक्चर चालू असताना मागच्या बाकावर दोन मिनिटांत होणारं काम आहे हे. (करा असं मी म्हणत नाही.)

‘परवानगी लागत नाही’ हे वाक्यही लिहून मागा. लिहून देणारा मला अजून भेटला नाही. शेतकऱ्याचं शेतघर वेगळं, पाहुण्यांना भाड्याने द्यायची खोली वेगळी. ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात आपण स्वतः विचारायचं. कर्जाचंही तसंच. उचलून नेता येणाऱ्या खोलीला बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. विक्रेता ‘ईएमआय करून देतो’ म्हणतो, ते बहुतेकदा महागडं पर्सनल लोन असतं. व्याजदर विचारा, नुसता हप्ता नको.

जुन्या जहाजी कंटेनरचं घर घेत असाल तर आणखी एक. दारावरची छोटी धातूची पाटी, सीएससी प्लेट, शोधा. तिच्यावर कंटेनर कधी बनला ते असतं. रंग नवा, पाटी गायब, आणि ‘एकदम नवा पीस आहे ताई’ म्हणत असतील तर हसून पुढे जा. आतलं प्लायवूड बदललंय का तेही विचारा, कारण जहाजावरच्या कंटेनरच्या फरशीला कीटकनाशक लावलेलं असू शकतं. आणि टेप घेऊन जा. बाहेरून आठ फूट म्हणजे, पन्नास मिलिमीटरचं पॅनल दोन्ही बाजूंनी लावल्यावर, आत साडेसात फूटही उरत नाही. पलंग आडवा टाकला तर पायथ्याशी फूटभरसुद्धा जागा नाही. मामाकडे आलेले पहिले पाहुणे पलंगावरून चढून बाथरूमला जायचे.

अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या घरांसाठी १९७६ पासून केंद्राचं एकच प्रमाण आहे, आणि अशा घराच्या बाहेर एक लाल धातूचं लेबल ठोकलेलं असतं. तरी तिथेही विक्रेत्यांच्या गोड बोलण्याच्या तक्रारी संपलेल्या नाहीत! आपल्याकडच्या केबिनवर असं लेबल नसतं. त्यामुळे आपलं लेबल म्हणजे आपला कागद.

मामाने काय केलं?

काही नाही. ‘कोर्टाची पायरी कोण चढणार?’ म्हणाला. मीही शोधलं नाही, आणि ही माझी दुसरी चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. ई-जागृती पोर्टलवर तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. कित्येकदा तिथल्या तक्रारीनेच फर्म फोन उचलायला लागते.

एक खोच इथे आहे, ती पर्यटनासाठी खोली घेणाऱ्यांनी नीट वाचा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही, असा बचाव समोरून येऊ शकतो. पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळलेली आहे. म्हणून ऑर्डरमध्येच लिहा, ‘स्वतः चालवायच्या कृषी पर्यटनासाठी, कुटुंबाच्या उदरनिर्वाहाकरिता.’ एक ओळ.

तक्रार करायची मुदत दोन वर्षं. मामाची केबिन २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली. मला हे सगळं कळलं तेव्हा ती दोन वर्षं उलटून गेली होती. मामाला सांगितलं. तो काही बोलला नाही, दारावर खांदा देऊन ते उघडलं आणि पाहुण्यांसाठी पंखा लावला.

आता यंदा आमच्या घरी विषय निघालाय. आजीला मंचरच्या घरातला जिना चढवत नाही, तिला शेतावर एक खोली हवी. या वेळी मी आणि पप्पा दुपारी दोन वाजता गेलो, मुद्दाम. विक्रेता पोरगा एसी लावायला उठला, मी म्हणाले, ‘राहू दे दादा, असंच बसू दहा मिनिटं.’ बसलो. घाम आला, पण भाजलं नाही. मग वही काढली. तो सुरुवातीला जरा वैतागला. टार्गेट असतं त्यांना, महिनाअखेर होती. चौथ्या प्रश्नाला हसायला लागला. ‘ताई, तुम्ही याच लाइनमध्ये आहात का?’ तो अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा निघाला, माझ्या मैत्रिणीला दोन वर्षं सीनियर. म्हणाला, ‘खरं सांगू? हे कोणी विचारतच नाही. विचारलं की आम्हालाही वर सांगायला बरं पडतं.’ जवळपास दिलेल्या तीन खोल्यांचे पत्ते त्याने स्वतःहून दिले. त्यातल्या दोन आम्ही बघून आलो. एकीचं छत गळत होतं, आणि ते दुरुस्त करून दिलं होतं.

पॅनलचा वीतभर कापलेला तुकडा आम्ही मागून घेतला. त्यावर मार्करने ‘पफ, ५० मिमी’ लिहून त्याने आणि पप्पांनी सह्या केल्या आणि तसंच ऑर्डरवर टाकलं. तो तुकडा सध्या टीव्हीच्या वर आहे. आजी रोज विचारते, हा पाव कशाला ठेवलाय. खोली अजून यायचीय. रविवारी त्यांचा ट्रेलरवाला ओढ्याजवळच्या वळणाचं माप घ्यायला येतोय.